प्रचारात महागाई आहे, गर्भपात नाही

अमेरिकेतल्या एका मुलाखतीपासून सुरुवात करते. ऑक्टोबर 2022. जॉर्जिया राज्यात गव्हर्नरपदाची निवडणूक तोंडावर आली होती आणि डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवार स्टेसी अब्राम्स एका वृत्तवाहिनीवर बोलत होत्या. 1973 पासून मिळालेला गर्भपाताचा घटनात्मक हक्क तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 24 जूनला काढून घेतला होता. जॉर्जियात साधारण सहा आठवड्यांनंतरच्या गर्भपातावर बंदी आली होती. त्याच जूनमध्ये महागाईचा दर 9.1 टक्के, म्हणजे चाळीस वर्षांतला उच्चांक. मुलाखतकाराचं म्हणणं असं, की गर्भपात हा मुद्दा आहे, पण लोकांना खरी काळजी पेट्रोलची, ब्रेडची, दुधाची आहे. त्याचं काय करणार? अब्राम्स यांच्या उत्तराचा आशय असा, की मुलं असतात म्हणून तर पेट्रोल आणि किराणा परवडेल का याचा घोर लागतो. नको असलेलं गर्भारपण लादणं आणि मूल वाढवण्याचा खर्च या गोष्टी बाईच्या आयुष्यात वेगळ्या काढता येत नाहीत.

गदारोळ झाला. महागाईवर उपाय म्हणून ही बाई गर्भपात सांगते, असं विरोधक म्हणाले. महिन्याभरात त्या निवडणूकही हरल्या.

मला त्यांचं म्हणणं पटतं, पण ते अर्धंच आहे असं वाटतं. जिला मूल नकोय तिच्यावर ते लादू नये, हे झालंच. पण जिला हवंय, आणि खोलीचं भाडं, शाळेची फी, सासूच्या औषधांचा खर्च बघून जी नाही म्हणते, तिचं काय? तिला आपण हक्क दिला असं म्हणून मोकळं होणं मला अन्यायाचं वाटतं. मूल न होऊ देण्याची मुभा आणि मूल वाढवण्याची ऐपत, दोन्ही हातात असतील तरच बाई स्वतःच्या मनाने ठरवते. एकच असेल तर तिच्या वतीने पैसा ठरवतो.

तिकडच्या मतदाराला निदान दोन्ही प्रश्नांवर वेगवेगळं मत देता आलं. नोव्हेंबर 2024 मध्ये मिसुरी राज्यात ट्रम्प जिंकले आणि त्याच दिवशी, त्याच मतदारांनी, गर्भपाताचा हक्क राज्यघटनेत घालायला मंजुरी दिली. आपल्याला असं कुणी विचारत नाही.

त्याच महिन्यात आपल्याकडे विधानसभेची निवडणूक होती. लाडक्या बहिणीला महिना 1500 मिळत होते; एका आघाडीने 2100 देऊ म्हटलं, दुसरीने 3000. बाईच्या खर्चावर इतकं बोलणं झालं, आणि तिच्या गर्भारपणावर मी ऐकलेल्या एकाही सभेत अवाक्षर नाही. पुढे डिसेंबरात नागपुरातून सरसंघचालकांनी तीन मुलांचा सल्ला दिला. त्याआधी आंध्र आणि तमिळनाडूच्या मुख्यमंत्र्यांनीही जास्त मुलांची भाषा केली होती. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, 1.7 होता. बायकांनी घरात बसून हिशेब केला आहे, तो या पुढाऱ्यांनी एकदा विचारावा तरी!

आपल्याकडे गर्भपाताचा कायदा मोर्चातून आला नाही. महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या समितीच्या शिफारशींवरून 1971 चा कायदा झाला, तो 1 एप्रिल 1972 ला लागू झाला. त्याच साली याच मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या मैत्रिणी महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. तेल, धान्य, रॉकेल यांसाठी बायकांनी मंत्र्यांना घेरलं. कायदा मात्र लोकसंख्या आणि मातामृत्यूंच्या चिंतेतून आला. त्यामुळे त्याची मालकी बायकांकडे कधी आलीच नाही, असं मला वाटतं. डॉक्टरांकडे राहिली.

खरं तर त्या कायद्याच्या कलम 3 मध्ये एक फार चांगली गोष्ट आहे. गर्भारपणाने बाईच्या शरीरा-मनावर काय परिणाम होईल हे ठरवताना तिची आजची आणि पुढे दिसणारी परिस्थिती डॉक्टरला विचारात घेता येते, असं त्यात म्हटलंय. म्हणजे घरखर्च कायद्याला कळतो. सज्ञान बाई असेल तर संमती फक्त तिची लागते. त्यासाठीच्या संमतीपत्रावर, म्हणजे नमुना सी वर, नवऱ्याच्या सहीला जागाच नाही.

आणि प्रत्यक्षात? विक्रोळीच्या एका वस्तीतली बाई. दोन मुलं, घरी बसून खोट्या दागिन्यांचे मणी ओवते. तिसऱ्यांदा राहिलं, आठ आठवडे झालेले. रुग्णालयात सांगितलं, नवऱ्याला घेऊन या. नवरा पनवेलला बांधकामावर; एक दिवस खाडा म्हणजे त्या दिवसाचा रोज गेला. तो आला, तर सोनोग्राफी बाहेरून करून आणा. दोन आठवडे असेच गेले. शेवटी तिने भिशी उचलली आणि खासगीत क्युरेटिंग करून घेतलं. ती भिशी जूनमध्ये मुलीच्या शाळेसाठी ठेवलेली होती. आता सांगा, ही बाई महागाईच्या रकान्यात घालायची की गर्भपाताच्या?

पुढारी गप्प का, याचं एक कारण मला समजतं. 2011 च्या जनगणनेत राज्यात हजार मुलग्यांमागे 894 मुली उरल्या होत्या. गर्भलिंगनिदानाविरुद्धची मोहीम गरजेची होती, आजही आहे. पण त्या भरात सगळाच गर्भपात संशयित ठरला. औषधवाले गोळ्या ठेवेनासे झाले. मुलगी नको म्हणून पाडणं आणि मूलच नको म्हणून पाडणं, यातला फरक सभेत समजावून सांगायला धैर्य लागतं. मतं जातील या भीतीने ते कुणी करत नाही.

म्हणून मी पालिकेच्या निवडणुकीपासून सुरुवात करा म्हणते, कारण प्रसूतिगृहं पालिकेची आहेत. उमेदवार हात जोडून चाळीत येईल तेव्हा पाण्याचं, कचऱ्याचं विचाराच. त्याच दमात हेही विचारा, की आपल्या प्रभागाच्या प्रसूतिगृहात गर्भपाताची सोय आठवड्यात कोणत्या दिवशी असते, सोनोग्राफी तिथेच होते का, आणि नवऱ्याची सही कोणत्या नियमाने मागतात? पाळणाघर किती वाजेपर्यंत उघडं असतं, हेही विचारा. आणि त्याचं उत्तर सगळ्यांसमोर लिहून घ्या.