तिकीट फुकट, पण घरी परतायचं कसं?

मंडळी, भाऊबीज झाली की आपल्या भंडारा-गोंदियात गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते. दिवसा दंडार हा नाच-गाण्याचा खेळ, रात्री नाटक. गडचिरोलीतल्या वडशाच्या नाटक कंपन्यांना तिथून होळीपर्यंत उसंत नसते. या झाडीपट्टीच्या, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भाच्या रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आपल्याकडे घराघरांत आनंद झाला. म्हणून 'खेड्यात कला पोचवा' असं कोणी म्हटलं की मी आधी सांगतो, बाबांनो, कला इथेच आहे. त्याच गावातली म्हातारी माणसं मात्र तिच्यापर्यंत पोचत नाहीत.

माझ्या मोठ्या आईचंच सांगतो. तरुणपणी तिचं एक नाटक चुकलं नाही. पोत्याची घडी काखेत मारायची आणि मांडवात अगदी पुढे जाऊन बसायची. आता गुडघे वाकत नाहीत, डोळ्यांत मोतीबिंदू. मांडव तिच्या घरापासून चार शेतं पलीकडे. नाटक रात्री दहाच्या पुढे उभं राहतं, पहाटे संपतं, वर पौषातली थंडी. मागल्या वर्षी ती अंगणात शेकोटीजवळ बसून भोंग्यावर नाटक ऐकत होती. मी म्हटलं, आत चल, गारठशील. तर म्हणाली, "मले दिसत नाही बापू, पन आयकू येते ना." पेटीच्या सुरावरून आता कोणता प्रवेश सुरू झाला ते ती मला सांगत होती.

त्याच वर्षी आम्ही आमच्या मंडळातर्फे ज्येष्ठांना फुकट पास वाटले होते, पुढची रांग राखून ठेवली होती. त्यातल्या बहुतेक खुर्च्या रात्रभर रिकाम्या राहिल्या. चूक आमची होती. तिकिटाचे पैसे ही त्यांची अडचण नव्हतीच. एसटीचंच बघा. २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्या माणसाला राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे, फार चांगलं झालं. पण गावाची शेवटची गाडी दिवेलागणीला निघून जाते आणि आपला पडदा त्यानंतर वर जातो! मग तो मोफत प्रवास त्या रात्री काय कामाचा?

म्हणून माझं मागणं एवढंच आहे. सरकारचं अनुदान असो, कोणा दात्याची देणगी असो, पैसा आधी वाटेवर खर्च करा. कार्यक्रम आठवडी बाजाराच्या दिवशी, दुपारी बारा ते तीन ठेवा. त्या दिवशी काळीपिवळ्या चालू असतात, म्हातारी माणसं औषध-गोळ्यांसाठी बाजारात आलेलीच असतात. पाठीच्या खुर्च्या भाड्याने आणा. आणि जवळ संडासाची सोय करा. हे बोलायला लाज वाटून घेऊ नका. बाहेर जायचं म्हणून सकाळपासून पाण्याचा घोट न घेणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत. कार्यक्रम चांगला होता का, हे त्यांना कसं विचारणार? ज्या गावात गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना रोज होते, तिथे तर जागा, सतरंजी, खंजिरी सगळं तयार आहे. तुकडोजी महाराजांनी घालून दिलेली ती सवय आहे. प्रार्थनेनंतर एक तास त्याच जागी खडी गंमत, म्हणजे आपला गाण्या-विनोदाचा लोकनाट्याचा खेळ, उभी करा, कोणाला घरापासून लांब जावं लागणार नाही.

आणि ही माणसं नुसती श्रोते नाहीत. धानाच्या बांधीत कमरेपर्यंत वाकून रोवणी करताना म्हटलेली गाणी ज्यांच्या तोंडी आहेत, त्या बाया आज सत्तरीत आहेत. पुढे यंत्राने रोवणी वाढली की ती गाणी म्हणायला जागाच उरणार नाही. आपल्याकडे वृद्ध कलावंतांना मानधन देण्याची योजना १९५४-५५ पासून आहे, आता महिन्याला ५,००० रुपये मिळतात. पण अर्जासोबत कलेचा पुरावा लागतो. अशाच एका आजीबरोबर मी एका कार्यालयात गेलो होतो. टेबलापलीकडच्या माणसाने प्रमाणपत्र मागितलं, वर्तमानपत्रातलं कात्रण मागितलं. चिखलात उभ्या राहून गाणाऱ्या बाईला प्रमाणपत्र कोण देणार? आजी काहीच बोलल्या नाहीत. पदराच्या गाठीतून आधार कार्ड काढून त्यांनी टेबलावर ठेवलं, कारण कागद म्हणून तेवढाच त्यांच्याजवळ होता.

तो पुरावा आपण तयार करू शकतो. त्यांना मंचावर बसवा, गाऊ द्या, हातात मानधनाचं पाकीट द्या. ग्रामपंचायतीच्या कागदावर नाव, तारीख, काय गायल्या ते लिहून सरपंचांची सही-शिक्का घ्या, फोटो काढा. अशी दोन-चार वर्षांची फाइल झाली की पुढच्या अर्जाला जोडायला काहीतरी हाताशी असेल.

येत्या मंगळवारी इथला बाजार आहे. शाळेचं पटांगण दुपारी मोकळं असतं, मुख्याध्यापकांशी माझं बोलणं झालं आहे. गाणाऱ्या पाच जणी तयार आहेत. पाठीच्या खुर्च्या अजून कमी पडतात. ज्यांच्या घरी असतील त्यांनी जाताना माझ्याजवळ नाव सांगून जा.