दिवस मावळल्यानंतरची वीज

श्रोतेहो, नमस्कार. अणुवीज अधिक टिकाऊ की ऊन-वाऱ्यावरची, ही चर्चा बहुधा धुरापाशी येऊन थांबते. पण वीज बनवताना धूर तर दोन्हींकडे निघत नाही. म्हणून मी विचारतो ते एवढेच, की वीज हवी तेव्हा मिळते का आणि तिच्या मागे काय उरते.

१९६९ साली तारापूरला देशातील पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले. अणुभट्टीला रात्र नाही, पावसाळा नाही आणि जागाही ती थोडीच अडवते. मात्र वापरलेले इंधन बाहेर काढल्यावर कित्येक वर्षे पाण्याच्या टाकीत निववावे लागते आणि त्यातले किरणोत्सारी प्लुटोनियम-२३९ निम्मे होण्यास सुमारे २४,००० वर्षे जातात. आपल्याकडे जडपाण्याच्या, म्हणजे जड हायड्रोजनचे पाणी वापरणाऱ्या भट्ट्यांच्या इंधनावर पुनर्प्रक्रिया करून त्यातला पुन्हा वापरता येणारा भाग वेगळा काढतात व उरलेला तीव्र किरणोत्सारी कचरा काचेत गोठवतात. काम मोठ्या कौशल्याचे खरे, पण त्या काचेची राखण पुढच्या किती पिढ्यांनी करायची?

सौर पॅनेलही पंचवीसेक वर्षांत भंगारात निघते, हे सौरप्रेमी सहसा बोलत नाहीत. तरी ऊन-वाऱ्याच्या विजेची खरी अडचण वेळेची आहे. साताऱ्याच्या पवनचक्क्यांच्या चाळकेवाडी पठारावर आषाढात माणसाला धड उभे राहू न देणारा वारा एरवी तसा नसतो आणि घरोघरी दिवे, पंखे, टीव्ही एकदम लागतात, तेव्हा सूर्य मावळलेला असतो.

याचे उत्तर अकोले तालुक्यातील घाटघरला पाहायला मिळते. वरच्या धरणातले पाणी सह्याद्रीच्या कड्याखालच्या धरणात सोडून तिथे २५० मेगावॅट वीज तयार होते आणि मागणी ओसरली की तेच पाणी पुन्हा वर चढवतात. उतरताना पाणी जेवढी वीज देते, त्याहून अधिक ते चढताना खाते. हिशेबी माणसाला हा आतबट्ट्याचा व्यवहार वाटेल. पण दुपारी जास्तीची ठरणारी सौरवीज या पाण्याच्या चढाईला वापरली, तर तोच व्यवहार परवडू लागतो. कोयनेची १,९६० मेगावॅटची जनित्रेही अशीच, हाक मारताच काही मिनिटांत धावून येणारी.

त्यामुळे चालत्या अणुभट्ट्या बंद करण्याची घाई मी करणार नाही. जैतापूरच्या सुमारे १०,००० मेगावॅटच्या अणुप्रकल्पाच्या आराखड्याआधी मात्र सह्याद्रीत आणखी किती घाटघरे बसतील, हे मोजून घ्यावे, असे मला वाटते.