मामेभावाच्या गालात सापडणारे आजोबा

नमस्कार श्रोतेहो.

जात पडताळणीची फाईल करताना वंशावळ लिहावी लागते, हे आपल्याकडे घराघरात माहीत आहे. खापरपणजोबा, पणजोबा, आजोबा, वडील, मग अर्जदार. तहसिलीतून जुन्या कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीची, नक्कल काढायची, अनुसूचित जमातीचा अर्ज असेल तर 1950 पूर्वीची नोंद शोधायची, शाळेचा दाखल-खारीज उतारा जोडायचा. कोतवाल बुकातल्या अनेक नोंदींत ‘अमक्यास मुलगी झाली’ एवढेच असते. ती कुणाच्या पोटी झाली, याचा पत्ता नसतो. आज ज्या वंशावळीबद्दल बोलायचे आहे ती पेशींत लिहिलेली आहे. तिच्यात आजी, पणजी, पणजीची आई ही ओळही आजोबांच्या ओळीइतकीच ठळक असते. फक्त कोणती ओळ कुणाच्या अंगात सापडेल, हे आधी कळायला हवे. लोक चुकतात ते इथेच.

माणसाच्या पेशीत 46 गुणसूत्रे, म्हणजे डीएनएचे गुंडाळलेले धागे, असतात. 1956 पर्यंत हा आकडा 48 म्हणून शिकवला जात होता! 23 जोड्यांपैकी शेवटची जोडी लिंगाची: बाईची एक्स-एक्स, पुरुषाची एक्स-वाय. आईकडून मिळतो तो एक्सच. वडिलांकडून एक्स आला तर मुलगी, वाय आला तर मुलगा. त्यामुळे मुली झाल्या म्हणून सुनेला बोल लावणाऱ्यांचा हिशोब मुळातच चुकीचा आहे.

बाकीच्या जोड्या पुढच्या पिढीत जाण्याआधी आपापसांत तुकडे अदलाबदल करतात. वायला जोडीदार एक्स, पण तो त्याच्यासारखा नसतो. अदलाबदल होते ती दोन टोकांना, थोडीशी. उरलेला सुमारे 95 टक्के वाय बापाकडून मुलाकडे अखंड जातो. डीएनए हा चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला मजकूर धरला, तर वायवर जवळपास 6 कोटी 24 लाख अक्षरे आहेत. तो पहिल्यांदा पूर्ण वाचून झाला तो थेट 2023 मध्ये, कारण त्याचा मोठा भाग तेच तेच तुकडे पुन्हा पुन्हा आल्याने गुंतागुंतीचा आहे.

अखंड जातो, पण तंतोतंत नाही. नक्कल करताना क्वचित एखादे अक्षर चुकते, आणि ती चूक पुढच्या सगळ्या नकलांत उतरते. कारकुनाने जुने बुक उतरवताना एक आडनाव चुकवले, तर त्या प्रतीवरून झालेली प्रत्येक नक्कल तीच चूक दाखवते, तसेच हे. दोन गावांतल्या दोन पुरुषांच्या वायवर त्याच जागी तीच चूक दिसली, तर दोघांची ओळ मागे कुठेतरी एकाच बापाला मिळते. वायवरचा जो भाग खात्रीने वाचता येतो तो एक ते दीड कोटी अक्षरांचा. त्यात साधारण 80 ते 125 वर्षांत एक नवी चूक पडते, म्हणजे तीन-चार पिढ्यांत एक. काळाचा अंदाज बांधतात तो या चुका मोजून, आणि वेग थोडा बदलला की वर्षे हजारोंनी हलतात. एकच चूक वाहणाऱ्या ओळींच्या गटाला फांदी म्हणू. 2013 मध्ये वायची सगळ्यात जुनी फांदी आढळली. तिची मुळे आफ्रिकेतल्या कॅमेरूनकडे निघाली. तेव्हा सगळ्या वायच्या ओळी जिथे मिळतात त्या मूळ पुरुषाचा काळ 3 लाख वर्षांपेक्षा मागे असल्याचे सांगितले गेले. चुकांचा वेग वेगळा धरल्यावर तोच काळ अडीच लाखांच्या आसपास आला.

आईची ओळ गुणसूत्रांत नाही. पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाला स्वतःचा छोटा, गोल डीएनए असतो: 16,569 अक्षरे, 37 जनुके. तो येतो आईकडून. मुलगा-मुलगी दोघांना मिळतो, पण पुढे देते ती मुलगीच. 1987 मध्ये अमेरिकेत कॅन, स्टोनकिंग आणि विल्सन यांनी जगातल्या वेगवेगळ्या समाजांतल्या 147 जणांचा हा डीएनए ताडून पाहिला. नमुने घेतले होते बाळंतपणातल्या वारेतून. सगळ्या ओळी मागे जात सुमारे 2 लाख वर्षांपूर्वीच्या आफ्रिकेतल्या एका बाईपाशी मिळाल्या. ती तेव्हाची एकटी बाई नव्हती. तिच्या काळातल्या इतर बायकांची मुलीकडून मुलीकडे जाणारी साखळी कुठे ना कुठे तुटली, एवढाच त्याचा अर्थ.

आता नात्यांकडे येऊ, कारण खरी गंमत इथे आहे आणि आपली भाषा यात फार सोयीची आहे. समजा, डीएनएची चाचणी करणारा एक पुरुष आहे. त्याच्या चुलतभावाचा वाय तोच, कारण दोघांचे आजोबा एक. मावसभावाचा मायटोकॉन्ड्रिया तोच, कारण दोघांची आजी एक. मामेभाऊ आणि आतेभाऊ यांच्याशी मात्र यातले काहीच जुळत नाही. पण म्हणून ते बिनकामाचे नाहीत, उलट तेच सगळ्यात मोलाचे. आईच्या वडिलांचा वाय या माणसाकडे येऊच शकत नाही. तो मामाकडे आहे आणि मामेभावाकडे आहे. वडिलांच्या आईची ओळ याच्याकडे नाही. ती वडिलांकडे, आत्याकडे, आतेभावाकडे आहे. आतेबहिणीकडेही आहे, आणि तीच ती ओळ पुढे नेईल.

बाईला आपल्या बापाची ओळ पाहायची असेल तर तिच्यात वायच नाही. भावाचा किंवा वडिलांचा नमुना द्यावा लागतो. भाऊ नसेल, वडील वारले असतील, तर काका, चुलतभाऊ, नाहीतर वडिलांच्या चुलत्याचा मुलगा. पुरुषांतून पुरुषांत जाणारी वाट कुठेही न तुटता पोचली पाहिजे. मधे एक जरी बाई आली, तर तो माणूस या कामाचा नाही.

एक्सची वाट निराळी आहे. पुरुषाला एक्स मिळतो तो आईकडूनच, पण आईला तिच्या आई-बाप दोघांकडून मिळालेला असतो. मागे मोजत गेलो तर पुरुषाच्या एक्सला हातभार लावू शकणारे पूर्वज 1, 2, 3, 5, 8 असे वाढतात. पाचव्या पिढीत एकूण पूर्वज 32, पण एक्सवर हक्क सांगणारे 8. वाय आणि मायटोकॉन्ड्रिया यांचे तर त्याहून अरुंद: दहाव्या पिढीत 1,024 पूर्वजांच्या जागा असतात आणि या दोन चाचण्या त्यातल्या दोनच जागांबद्दल बोलतात. ‘तुमचे मूळ अमुक’ अशी छापील पाटी हातात ठेवणाऱ्या अहवालांवर माझा विश्वास बसत नाही तो यामुळे.

आपल्याकडच्या अनेक समाजांत चुलत आणि मावस भावंडांत लग्न होत नाही, पण मामाची किंवा आत्याची मुलगी चालते. त्यावरून मामेबहिणीशी लग्नात आजाराचा धोका कमी, असा समज करून घेऊ नका. लिंग-गुणसूत्रे सोडून बाकीच्या 22 जोड्यांत चारही प्रकारची भावंडे सरासरी एक अष्टमांश सारखी असतात. सिकलसेल, म्हणजे तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकण्याचा आजार, त्याचे जनुक अकराव्या गुणसूत्रावर आहे, एक्स-वायशी त्याचा संबंध नाही. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल सिकलसेलग्रस्त होण्याची शक्यता 25 टक्के. लग्न ठरवण्याआधी रक्ताची सोल्युबिलिटी चाचणी करा. ती सकारात्मक आली तर पुढे इलेक्ट्रोफोरेसिस ही हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी चाचणी, कारण वाहक की रुग्ण हे पहिल्या चाचणीत वेगळे कळत नाही. एक्सवरचे उदाहरण म्हणजे तांबड्या पेशींना जपणाऱ्या जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता. पुरुषाला एक्स एकच, म्हणून ती त्याच्यात पूर्ण उतरते. हिवतापावर प्रायमाक्विन घेतल्यावर अशा माणसाची लघवी काळपट झाली, तर गोळी थांबवून लगेच दवाखाना गाठायचा.

आपल्या भागाबद्दल या ओळी काय सांगतात? भारतात मायटोकॉन्ड्रियाच्या निम्म्याहून अधिक ओळी ‘एम’ या फांदीच्या आहेत, आणि त्या इथे फार जुन्या. मेळघाटातली कोरकू ज्या मुंडा कुळातली भाषा आहे, त्या कुळातल्या भाषा बोलणाऱ्या समाजांतल्या पुरुषांत ओ-एम95 ही वायची फांदी मोठ्या प्रमाणात आढळते, जिचे नाते आग्नेय आशियाशी आहे. त्यांच्या आईकडच्या ओळी मात्र बहुतांशी भारतीयच. म्हणजे ती वाट मुख्यतः पुरुषांच्या येण्याची होती. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेणू जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या 2013 च्या अभ्यासानुसार सुमारे 4,200 ते 1,900 वर्षांपूर्वी भारतातले समाज एकमेकांत भरपूर मिसळत होते. जातीतच लग्न हा कडकपणा त्यानंतरचा. जात मात्र या चाचणीत दिसत नाही. आर-1-ए ही वायची फांदी उत्तरेतल्या ब्राह्मणांत आहे तशी आंध्र-तेलंगणातल्या चेंचू आदिवासींतही आहे. तेव्हा असा अहवाल घेऊन पडताळणी समितीपुढे जाण्यात पैसा घालवू नका.

नमुना द्यायचा झाला तर अर्धा तास आधी खाणे, चहा, खर्रा, तंबाखू, विडी सगळे बंद. खर्रा खाणाऱ्याने साध्या पाण्याने तीन-चारदा चूळ भरून मग अर्धा तास थांबावे. सुपारीचा चोथा आणि चुना नमुन्यात गेला की पुढची रासायनिक क्रिया अडते. थुंकीचा नमुना साधारण 2 मिलिलिटर, फेस सोडून मोजायचा, आणि झाकणातले द्रावण त्यात पूर्ण मिसळेपर्यंत नळी हलवायची. गालाचा नमुना असेल तर काडीचा कापूस गालाच्या आतून अर्धा ते एक मिनिट फिरवायचा, दोन्ही बाजूंना वेगळी काडी. ओली काडी प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबली की मे महिन्यातल्या आपल्या 45 अंशांत बुरशी धरते आणि डीएनए तुटतो. सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवा.

प्रयोगशाळेला दोन प्रश्न विचारा. मायटोकॉन्ड्रियाची पूर्ण 16,569 अक्षरे वाचणार की नुसता एक तुकडा? तुकड्यावरून फांदी अनेकदा चुकीची ठरते. आणि वायवर नुसत्या 17 जागा पाहणार, की अक्षरांच्या चुकाही? त्या 17 जागांत, पुन्हा पुन्हा येणारे तुकडे मोजताना, वीस-पंचवीस बाप-लेकांच्या जोड्यांमागे एकीत एखादा फरक पडतोच. काकाशी 17 पैकी 16 जुळले म्हणून घरात संशयाचा विस्तव पेटवू नका. आणखी जागा तपासायला सांगा. अहवालात पुरुषाच्या नावापुढे ‘स्त्री’ असे आले, तरी लगेच नमुन्याची अदलाबदल झाली असे धरू नका. लिंग ओळखायला बहुधा दाताच्या इनॅमलचे एक जनुक बघतात. एक्सवर त्यातली 6 अक्षरे कमी असतात, त्यावरून वाय वेगळा ओळखू येतो. काही भारतीय पुरुषांच्या वायवरून तो तुकडाच गळालेला असतो. हे सीसीएमबीने 2002 मध्येच दाखवून दिले आहे. अशा वेळी वायवरची दुसरी जागा, उदाहरणार्थ एसआरवाय हे जनुक, तपासून घ्यायला सांगायचे.