पाटी अडते, माणूस सुटतो

नमस्कार श्रोतेहो.

दोन वर्षांपूर्वी माझ्या मेव्हण्याने एक सेकंडहँड स्कूटर घेतली. व्यवहार चहाच्या टपरीवर झाला. मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या झाल्या, पैसे मोजले, किल्ली हातात. गाडी नावावर करायचा अर्ज मात्र पुढे सरकेना, कारण त्या नंबरवर सात ई-चलानं थकलेली होती. सिग्नल तोडला, हेल्मेट नाही, ट्रिपल सीट. आधीच्या मालकाला फोन लावला, तर तो म्हणाला, "दाजी, गाडी आता तुमची ना?"

केंद्रीय मोटार वाहन नियमांत 167 क्रमांकाचा नियम आहे. चलान मुदतीत भरलं नाही, त्यावर दादही मागितली नाही, तर त्या गाडीचे आरटीओतले अर्ज अडवता येतात. मला हे मान्य आहे. दंड बुडवायचा आणि सरकारी खिडकीवर मात्र ऐटीत उभं राहायचं, हे चालू नये.

पण ही अडवणूक नेमकी कुणाला चावते?

अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात अशीच तरतूद आहे. वाहतुकीच्या गुन्ह्यात कोर्टात हजर राहिला नाहीत, दंड भरला नाही, शहराच्या न्यायालयाने वॉरंट काढलं, तर काउंटीचं, म्हणजे तिथल्या जिल्ह्याचं, कार्यालय तुमच्या गाडीची नोंदणी नाकारू शकतं. तिथे नोंदणी दरवर्षी नव्याने करावी लागते, काचेवर स्टिकर लावावा लागतो. म्हणजे वर्षातून एकदा त्या दारातून जाणं आलंच. अर्थात ज्याच्याकडे दंडाचेच पैसे नाहीत, तो बिनास्टिकरची गाडी काढतो आणि पुन्हा पकडला जातो. तिथली ही बाजू काही घेण्यासारखी नाही.

आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी एकदम 15 वर्षांची. मधल्या काळात आरटीओची पायरी चढायची वेळ येते ती गाडी विकताना, पत्ता बदलताना, नाहीतर कर्ज फिटल्यावर बोजा उतरवताना. तोवर मोबाईलवर मेसेज येत राहतात आणि आपण ते बँकेच्या जाहिरातींसोबत पुसून टाकतो. लोकअदालतीत तडजोड होईल म्हणून थांबणारेही कमी नाहीत. मग चिमटा बसतो तो विकत घेणाऱ्याला. ज्याने सिग्नल तोडला, तो केव्हाच दुसऱ्या गाडीवर बसून गेलेला असतो.

उलटंही घडतं. गाडी विकली, पण कागद नावावरून उतरले नाहीत, तर चलानं जुन्याच मालकाला येत राहतात. आणि गोष्ट चलानावर थांबत नाही. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एक प्रकरण होतं. मूळ मालकाने गाडी 2007 मध्ये विकलेली, पुढे ती अनेक हात फिरली, 2009 मध्ये अपघात झाला. आरटीओच्या दप्तरी नाव पहिल्याचंच, म्हणून भरपाईची जबाबदारी त्याच्याच गळ्यात पडली. राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने 14 दिवसांत कळवायचं असतं, हे टपरीवर कोण सांगणार?

म्हणून टोकन देण्याआधी त्या नंबरची थकबाकी मोबाईलवर बघा. महाट्रॅफिक ॲपवर दिसते. चलान कॅमेऱ्याचं असेल तर फोटो उघडा. नंबर तुमचा आणि गाडी भलतीच, असं असेल तर तिथेच तक्रार नोंदवा. तुमची गाडी दुसऱ्याने चालवली असेल, तर मोटार वाहन कायद्याच्या 133 व्या कलमाप्रमाणे पोलिसांनी विचारल्यावर चालवणाऱ्याचं नाव सांगणं हे मालकाचं कामच आहे. आणि आरसीवरचा मोबाईल नंबर तुमचाच आहे ना, एवढं आजच पाहा. बऱ्याच गाड्यांवर तो शोरूमवाल्याचा किंवा एजंटचा असतो, मग मेसेज तरी कसा यायचा?

मेव्हण्याने शेवटी सातही चलानं स्वतःच भरली. पावत्या त्याने जपून ठेवल्या आहेत, चलानांवरचे फोटोही. त्यातल्या एकात आधीच्या मालकाचा चेहरा अगदी स्वच्छ दिसतो. हेल्मेट नव्हतं ना.