चोरीचा माल आणि आपली ओळख

मंडळी, इंदूरमध्ये नकबजनीची, म्हणजे घरफोडीची, टोळी पकडली की वर्तमानपत्रात एक ठरलेला फोटो येतो. तोंड झाकलेले चार जण, मागे पोलीस, पुढे टेबलावर दागिने आणि कटावणी. तो फोटो पाहून आपण म्हणतो, मिटलं. सरकारी वकील म्हणून काम करताना मला कळलं, की खरी लढाई त्या टेबलापासून सुरू होते.

रात्रीच्या वेळी घर फोडून चोरी करण्याला कायद्यात चौदा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण ती द्यायची कशाच्या बळावर? घर फोडताना सहसा कुणी पाहिलेलं नसतं. मग दोनच गोष्टी उरतात, एक बोटांचे ठसे आणि दुसरा माल.

ठशांसाठी २०२२ पासून नॅफिस ही देशव्यापी यंत्रणा आहे. इंदूरच्या सुदामानगरातल्या कपाटावरचा ठसा दुसऱ्या राज्यात कधीतरी अटक झालेल्या माणसाशी जुळू शकतो. मात्र त्यासाठी कपाटावर ठसा उरला पाहिजे. चोरी झाल्यावर आपण काय करतो? पसारा आवरतो. शेजारीपाजारी येऊन प्रत्येक खण उघडून बघतात. टीआय साहेब, म्हणजे ठाण्याचे प्रमुख, यायचे म्हणून ओटासुद्धा पुसला जातो. कृपा करून हे करू नका. फोन करा आणि बाहेर अंगणात बसा.

आता माल. चोरीनंतर लवकरच ज्याच्याकडे चोरीचा माल सापडला, तो एकतर चोर किंवा जाणूनबुजून तो माल घेणारा, असं न्यायालय गृहीत धरू शकतं. आरोपीच्या सांगण्यावरून पोलिसांनी पुरलेली पोटली काढली, तर तेवढा भाग पुराव्यात येतो. पण पोटलीतल्या पाटल्या तुमच्याच कशावरून? तशाच दिसणाऱ्या इतर दागिन्यांत मिसळून त्या तुमच्यापुढे ठेवतात. मशीनवर केलेल्या पाटल्या सगळ्या सारख्याच. आजीची ठुशी मात्र लगेच ओळखू येते, कारण तिचा एक मणी बदललेला असतो, फासा नवा असतो. म्हणून फोटो काढून ठेवा, दुरुस्तीची खूण लिहून ठेवा, सराफाची पावती सांभाळा. आणि तक्रारीत सगळा मशरूका, म्हणजे चोरीला गेलेला माल, लिहा. आयकराच्या धास्तीने अर्धं सोनं लपवणारी पुष्कळ घरं आहेत. त्यांचं लपवलेलं सोनं पुढे पोलिसांना सापडलं, तरी ते त्यांचं म्हणून सिद्ध करणं फार जड जातं.

इथे एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. पुरावा हाती नसला की संशय जातीकडे वळतो. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी अख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण आपल्या बोलण्यातून गेलेला नाही. चोरी झाली की 'अमुक लोकांना आधी उचला' असं चांगली शिकलेली माणसं म्हणतात. याची मला चीड येते. ठसा जुळला की माणूस सापडतो. जात पाहून उचललेला माणूस बहुधा निर्दोष असतो आणि तोवर खरी टोळी जिल्हा ओलांडून गेलेली असते.

टोळी टिकते ती सोनं विकत घेणाऱ्यामुळे. चोरीच्या मालाचा धंदाच करणाऱ्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. तरी तपास बऱ्याचदा चोरापाशीच थांबतो, कारण वितळलेल्या सोन्याला ओळख नसते. पोलीस पहिल्या काही दिवसांत तिथवर पोचले पाहिजेत, आणि ते पोचतात तुमच्या नेमक्या वर्णनावरून.

दागिने सापडले तर वर्षानुवर्षं मालखान्यात पडून राहतील, ही भीती धरू नका. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात सांगितलं, की पंचनामा आणि फोटो करून, बंधपत्र घेऊन ते मालकाला द्यावेत. फौजदारी खटल्यांच्या नव्या संहितेत (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) तर फोटो-नोंद झाल्यावर तीस दिवसांत न्यायालयाने आदेश द्यायचा आहे. सुपुर्दगीचा, म्हणजे माल ताब्यात मिळण्याचा, अर्ज लगेच करा. दागिने मिळाले, तरी साक्षीचा समन्स आल्यावर या. दागिना हाती आला की फिर्यादी येत नाही आणि आरोपी सुटतो, हे मी कोर्टात बसून पाहिलेलं आहे.