शंभर टीबीचा पाट आणि बिनपगारी पाटकरी

मंडळी, नमस्कार. अध्यक्षांनी मला पन्नास मिनिटं दिली होती, त्यातली बारा सत्कारात गेली. एप्रिल महिना, धुळ्याचं ऊन, आणि तुम्ही मला शाल पांघरलीत. प्रेम समजू शकतो, पण ती आता मी या खुर्चीवर ठेवतो, नाहीतर अध्यक्षांना मला खाली उतरवायची गरजच पडायची नाही.

पत्रिकेवर विषय छापलाय, 'महाविद्यालयीन ई-मेल व ड्राइव्ह खात्यांतील साठवण मर्यादा : समस्या आणि उपाय'. एवढं वाचूनही तुम्ही आलात. म्हणजे एकतर तुमचं खातं भरलंय, नाहीतर खाली चहा-भज्यांची सोय आहे हे कळलंय. दोन्ही कारणं मला मान्य आहेत.

माझी ओळख करून देताना 'संगणकतज्ज्ञ' म्हणाले. मी पदार्थविज्ञान शिकवतो. कॉलेजात ज्याला प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढून काढता येतो तो संगणकतज्ज्ञ, आणि एका पावसाळ्यात मी तो काढला होता. तेव्हापासून कॉलेजच्या सगळ्या खात्यांचा ॲडमिन मी. मानधन नाही, तास कमी नाहीत. पासवर्ड विसरलेल्यांचे फोन मात्र रात्री साडेदहाला.

थोडं मागे जाऊ. जीमेल आलं १ एप्रिल २००४ ला. एक जीबी जागा फुकट म्हटल्यावर लोकांना ती एप्रिल फूलची थट्टा वाटली होती. पुढे ती वाढत गेली. २०१३ पासून मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून पंधरा जीबी झाली, आणि तुमच्या-माझ्या खासगी खात्याची मर्यादा आजही साधारण तीच आहे. २०१४ मध्ये गुगलनं शिक्षणसंस्थांना सांगितलं की तुम्हाला मर्यादाच नाही. आम्ही काय केलं असेल? श्रावणात पांझरेला पूर आल्यावर माणूस मोजून पाणी भरतो का? तसंच झालं. एक रोप, त्याच्याभोवती अकरा प्राध्यापक, त्रेचाळीस फोटो. वनस्पतिशास्त्रानं चढवले, एनएसएसनं चढवले, मूल्यांकनाच्या फाइलसाठी कार्यालयानं चढवले, आणि भूगोलानंही चढवले, कारण फोटोवर अक्षांश-रेखांश होते. रोप मेलं. फोटो चार ठिकाणी सुखरूप आहेत.

फेब्रुवारी २०२१ मध्ये कळवण्यात आलं की इथून पुढे एका संस्थेला सगळी खाती मिळून शंभर टीबी, आणि जुन्या संस्थांना हे २०२२ च्या जुलैपासून लागू. मायक्रोसॉफ्टनंही ऑगस्ट २०२४ पासून शाळा-कॉलेजांना फुकटात शंभर टीबीचाच सामाईक साठा ठेवला. म्हणजे घर बदललं तरी सासू तीच.

शंभर टीबी म्हणजे एक लाख दोन हजार चारशे जीबी. तीन हजार खाती असली तर वाट्याला चौतीस जीबी. मला वाटलं, भरपूर झालं. मग मी ॲडमिनच्या पानावर जाऊन वापर पाहिला. एकशे बारा टीबी! शंभराच्या मडक्यात एकशे बारा. यादी उतरत्या क्रमानं लावली. पहिलं खातं प्राचार्यांचं असेल, नाहीतर परीक्षा विभागाचं, असा माझा अंदाज. निघालं २०१९ मध्ये बीएस्सी होऊन गेलेल्या एका मुलाचं. एकोणीस टीबी.

आता हा किस्सा मी सगळीकडे सांगतो, आणि सगळीकडे माझा वेळ यातच जातो. तरी सांगतो.

फोन लावला. म्हटलं, अरे, आमच्या खात्यात काय भरून ठेवलंयस? तो म्हणाला, "सर, लग्नं." हा पोरगा चोपड्याला लग्नाचं शूटिंग करतो. दोन कॅमेरे, एक ड्रोन. एका लग्नाचं कच्चं चित्रण दोन-अडीचशे जीबी. म्हणजे निम्म्या तालुक्याची लग्नं आमच्या कॉलेजच्या नावावर लागली होती, आणि आम्हाला एकाचीही पत्रिका नाही! मी आवाज चढवला. तो शांतपणे म्हणाला, "सर, तुम्हीच प्रॅक्टिकलला सांगायचे ना, बॅकअप ठेवत जा." अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत माझं वर्गातलं एक वाक्य एका विद्यार्थ्यानं आयुष्यात उतरवलं, ते हे.

रविवारी एसटीनं चोपड्याला गेलो. म्हटलं, समोर बसून पुसायला लावतो. दुकान म्हणजे एक शटर. आत काळा पडदा, एक संगणक, आणि टेबलावर ताटलीत केळी. चहाच्या आधी केळी, आपल्याकडची रीतच आहे. त्यानं एक फोल्डर उघडलं. हळदीची सकाळ होती. जात्याभोवती बायका बसलेल्या, मधे एक म्हातारी, नऊवारीचा पदर तोंडात धरलेला, आणि ती अहिराणीत हळदीचं गाणं म्हणत होती. मधेच चुकली, स्वतःच हसली, जातं थांबलं, आणि तिनं कॅमेऱ्याकडे हात झटकला, बंद कर म्हणून. त्यानं बंद केलेला नव्हता.

"ही माय कोरोनात गेली, सर," तो म्हणाला. "घरच्यांकडचा पेन ड्राइव्ह खराब झाला. दर वर्षी तिच्या दिवसाला हे लोक माझ्याकडं येतात, एवढाच तुकडा बघायला."

मी गेलो होतो पुसायला. तोंडातून निघालं, दुसरं केळ दे.

त्याला मी हार्डडिस्कवर उतरवून घ्यायला मुदत दिली. शंभर एमबीपीएसची लाइन अखंड चालली तर दिवसाला जेमतेम एक टीबी उतरतो. म्हणजे वीस दिवस पुरायला हवे होते. लाइन आणि लाइट या दोघींनी मिळून त्याचे अडीच महिने केले.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. 'दहा मिनिटे.' बरं. आता ज्यासाठी बोलावलंत ते.

या सगळ्यावर लोक उपाय सांगतात, की कचरा काढा. पण ती म्हातारी कचरा आहे का? प्रत्येकाला आपलं सोनं वाटतं आणि शेजाऱ्याचा कचरा. त्यामुळे कोणी कधी काही काढत नाही. माझं म्हणणं असं, की हा प्रश्न कचऱ्याचा नाही, पाणीवाटपाचा आहे. आणि पाणीवाटप धुळे जिल्ह्याला कुणी शिकवायची गरज नाही. आपल्याकडे फड होता. मागच्या बाकावरचे हसले. तमाशाचा नव्हे हो, पाण्याचा फड! पांझरेवरचे बंधारे, त्यातून निघालेला पाट, आणि पाटाखालच्या शिवाराचे तीन-चार फड. प्रत्येक शेतकऱ्याचा तुकडा प्रत्येक फडात. एका फडात एकच पीक. नदीला पाणी कमी असलं की एक फड सगळ्यांनी मिळून कोरडा ठेवायचा. त्यामुळे टंचाईत नुकसान झालं तर पाटलाचंही आणि दोन बिघेवाल्याचंही. आणि दार फोडून कोणी स्वतः पाणी घ्यायचं नाही. पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या, त्यांच्यावर हवालदार, आणि त्यांना त्याचा मोबदला.

तसे कॉलेजच्या जागेचे चार फड करा. विद्यार्थी, अध्यापन, कार्यालय आणि कायमचं दप्तर. प्रत्येक फडात प्रत्येक विभागाचा वाटा. दर जूनमध्ये कायमचं दप्तर सोडून एक फड पडीक टाकायचा, म्हणजे त्यातलं जुनं हार्डडिस्कवर उतरवून, दोन प्रती करून, मग रिकामा करायचा. नुसतं 'सगळ्यांना वीस-वीस जीबी' केलंत तर मराठीच्या मॅडमचे अठरा वाया जातील आणि व्हिडिओ लेक्चरवाला डिसेंबरातच कोरडा पडेल. ॲडमिनच्या पानावर गटागटाला वेगळी मर्यादा लावता येते, ती त्यासाठीच आहे.

'पाच मिनिटे.' भजनी मंडळ दारात आलंय, मृदंग दिसतोय मला. भराभर सांगतो, लिहून घ्या.

मेलच्या शोधायच्या चौकटीत इंग्रजीत लार्जर लिहा, पुढे दोन टिंबं, विसर्ग नव्हे, कोलन, आणि मग जागा न सोडता १० एम. दहा एमबीच्या वरची सगळी पत्रं समोर येतील. पुसलेलं ट्रॅशमध्ये तीस दिवस पडून राहतं आणि तोवर जागा खातं. तेव्हा पुसून झालं की ट्रॅशही रिकामा करा, आधी एकदा डोळ्याखालून घालून. दुसऱ्यानं तुम्हाला शेअर केलेली फाइल तुमची जागा खात नाही, मालकाची खाते. आमचे एक सर दुपारभर 'माझ्यासोबत शेअर केलेलं' काढत बसले, एक केबीसुद्धा सुटली नाही.

ॲडमिन मंडळींसाठी. खातं नुसतं स्थगित केलं तर जागा सुटत नाही. निवृत्त माणसाचं खातं काढण्याआधी त्याच्या फाइलींची मालकी विभागाकडे वळवा. काढल्यावर चूक कळली तर वीस दिवसांत परत आणता येतं, एकविसाव्या दिवशी माझ्याकडे येऊ नका. पास होऊन जाणाऱ्या मुलांना निकालाच्या वेळीच तारीख सांगा. आपलं मेल आणि ड्राइव्ह खासगी खात्यात हलवायची सोय ॲडमिननं चालू ठेवली तर असते, फक्त तिकडे पंधराच जीबी आहेत हेही सांगा. आणि कॉलेजचा अधिकृत ई-मेल जर असंच कुणाचं तरी फुकटचं पंधरा जीबीचं खातं असेल, इथे दोन-तीन चेहरे मला दिसतायत, तर ते भरल्यावर नवीन मेल येतच नाही, पाठवणाऱ्याकडे परत जातं. आपण मात्र परिपत्रकच निघालं नाही म्हणून निवांत.

आणि पाटकरी, म्हणजे तुमचा ॲडमिन. तो सभेत ठरवून नेमा, त्याचे दोन तास कमी करा, त्याला काहीतरी द्या. फडावर पाटकऱ्याला धान्य मिळायचं. मला आज शाल मिळाली.

झालं, झालं, उतरतो. बुवा, या वर. पहिल्या रांगेतले आप्पा मघापासून मोबाइल उंच धरून दाखवतायत. आप्पा, ती लाल पट्टी मला इथून दिसतेय, काही दाबू नका. खाली चहाला बघतो.