पोझोले: दाणा फुलला पाहिजे

मांस, मिरचीचा रस्सा, वरून कांदा आणि लिंबू. पोझोले म्हणजे मक्याचा मेक्सिकन रस्सा. त्याच्या वाडग्यात हे सगळं असतं, पण मेक्सिकोत त्याची पारख होते ती मक्याच्या दाण्यावरून. दाणा टोकाशी फुटून उमललेला हवा. चावायला मऊ, पण लगदा झालेला नको.

हा मका म्हणजे काकावासिंत्ले. मध्य मेक्सिकोच्या उंच भागात पिकणारा, पांढरा, टपोरा, पिठूळ. स्वीट कॉर्न इथे चालत नाही. त्यात एवढा पिठूळ गरच नसतो, मग फुलणार काय?

अर्धा किलो वाळलेला मका, अडीच लिटर पाणी आणि 10 ग्रॅम खाण्याच्या चुन्याची भुकटी. भांडं स्टीलचं घ्या, अॅल्युमिनियमला चुना खातो. चुन्याच्या पाण्याला उकळी आली की मका सोडायचा, 20 मिनिटं मंद आचेवर ठेवायचा आणि गॅस बंद करायचा. साल पिवळी पडते. एक दाणा दोन बोटांत चोळून बघा. साल सुटत नसेल, तर त्याच पाण्यात आणखी अर्धा तास राहू द्या. मग पाणी नितळ येईपर्यंत चोळून धुवा. धुण्यात कुचराई झाली, तर रश्शाला चुन्याची तुरट चव येते.

आता खरं चिकाटीचं काम. दाणा कणसाला जिथे चिकटलेला असतो, तिथे एक कडक, तपकिरी टोक असतं. नखाने ते एकेका दाण्याचं काढायचं. टोक राहिलं, तर दाणा शिजतो पण नीट उमलत नाही. घाईच्या पोझोलेत हीच पायरी गाळलेली असते, आणि ते खाताना लगेच कळतं.

चार लिटर ताजं पाणी, अख्खा लसूण गड्डा, अर्धा कांदा आणि मका. तासाभराने दीड किलो डुकराचं मांस घाला. त्यात पाय आणि पाठीची हाडं हवीतच, रश्शाला दाटपणा त्यांच्यामुळे येतो. पुढे दोन-तीन तास मंद आच. पाणी आटलं तर उकळतं पाणीच वाढवा. मीठ मात्र दाणा फुलल्यावर. आधी घातलं तर दाणा कडक राहतो, असं तिथले स्वयंपाकी बजावतात.

पश्चिम मेक्सिकोतल्या हालिस्को राज्याचं पोझोले लाल. सहा ग्वाहियो आणि दोन आंचो या वाळलेल्या मिरच्यांच्या बिया काढून, तव्यावर काही सेकंदच शेकायच्या. करपल्या की रस्सा कडू. गरम पाण्यात भिजवून, वाटून, गाळून, चरबीवर परतून ते वाटण भांड्यात घालायचं. दक्षिणेकडच्या गेरेरो राज्याचं पोझोले हिरवं: भोपळ्याच्या बिया, टोमॅटिलो (हिरवं, आंबट, टोमॅटोसारखं फळ), हिरवी मिरची, एपाझोते या उग्र वासाच्या वनस्पतीचा पाला. तिथे गुरुवार म्हणजे पोझोलेचा वार, सोबत मेझ्काल, म्हणजे अगाव्ह (घायपाताच्या जातीची वनस्पती) पासूनची दारू. देशभर मात्र त्याची रात्र 15 सप्टेंबरची, स्वातंत्र्यदिनाच्या पूर्वसंध्येची.

वाडगा टेबलावर आला की उरलेलं काम खाणाऱ्याचं. बारीक चिरलेला कोबी किंवा लेट्यूस, लाल मुळ्याच्या चकत्या, कच्चा कांदा, तळहातावर चुरडलेला ओरेगॅनो, तिखट, भरपूर लिंबू. गेरेरोत अवोकाडो, तळलेली कुरकुरीत चामडी आणि कधी तारलीसुद्धा. कोबी-मुळा बेताबेताने घाला, एकदम ढीग केला तर रस्सा गार होतो. कुरकुरीत तोस्तादा (तळलेली मक्याची पोळी) बाजूलाच ठेवा, मोडून मधे मधे खायला.

उरलं तर दुसऱ्या दिवशी दाणे रस्सा पितात आणि पोझोले घट्ट होतं. गरम करताना वाटीभर पाणी घाला आणि मीठ पुन्हा चाखा.